डिचोलीतला व्हॉल्व्ह बदलणारा

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमाराची गोष्ट. आमच्या मुळगावच्या देवळात नाटक होते आणि मी गिटार वाजवणार होतो. घशाच्या ऑपरेशननंतर माझी थोरली बहीण त्यात पहिल्यांदाच गाणार होती. तालमीत माझ्या अँप्लिफायरचा आवाज इतका कर्कश येई की तिचा बारीक गळा त्यात बुडून जाई. शेवटी ती म्हणाली, "माझ्यान जमाचा नाय. दुसरी कोण तरी बघ."

गिटार आणि अँप्लिफायर उचलून मी डिचोलीच्या बाजारात एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याचे नाव विचारायचे मला सुचलेच नाही. कानामागे तळवा धरून त्याने गिटार ऐकली आणि विचारले, "गाता कोण?"

मी बहिणीचे सांगितले.

"तिका घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी ती आली. तो तिला एक ओळ गायला लावी, मला वाजवायला लावी, मग अँप्लिफायर बंद करून निवेपर्यंत थांबे आणि आतला, आवाज वाढवणारा लहानसा काचेचा व्हॉल्व्ह बदली. प्रत्येक व्हॉल्व्ह सदऱ्याच्या टोकाने पुसून तो पाखराचे पिल्लू धरावे तसा उचली. चौथ्या व्हॉल्व्हला गिटार मऊ झाली आणि बहिणीचा शब्द न् शब्द कळू लागला.

"तुझो आवाज मी कमी नाय केलो," तो मला म्हणाला. "फक्त तिच्या वाटेतसून बाजूक केलो."

माझ्या जिवात जीव आला. बहीण मात्र कोणी न सांगता पुढचे कडवे गाऊ लागली होती. त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, उठून घरघरणारा पंखा बंद केला आणि ऐकत बसला.