गुरुभाऊंचं सुटं इंजिन

गुरुप्रसाद नेवगी आमच्या घरी पहिल्यांदा आले ते सत्यनारायणाच्या प्रसादाला, आणि प्रसाद घेण्याआधीच थेट स्वयंपाकघरात शिरले. मी मिक्सरवर चटणी वाटत होते. "बेअरिंग गेलंय," ते म्हणाले. ना ओळख ना पाळख! बाहेर कॅसेटवरचे भटजी तिसऱ्या अध्यायात पोचेपर्यंत माझा मिक्सर ओट्यावर सुटा होऊन पडला होता, आणि हा गृहस्थ माझ्या नव्या नॅपकिनने त्याचे अवयव पुसत होता. चौथ्या अध्यायाला मिक्सर पुन्हा उभा राहिला. तो आजही चालतो, म्हणून नॅपकिनचं मी मनावर घेतलं नाही.

सिंगापुरात, वुडलँड्सच्या एकाच ब्लॉकमध्ये आम्ही राहायचो. माझा नवरा शैलेंद्र आंग मो कियोच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचा मॅनेजर. गुरुभाऊ मरीन इंजिनिअर. वीसेक वर्षं बोटीवर काढून ते किनाऱ्यावरच्या ऑफिसात आले होते, पण ऑफिसात बसले तर शपथ! कंपनीची बोट दुरुस्तीला आली की ते यार्डात, तिच्या पोटात. कुठलंही यंत्र बंद झाकणाचं दिसलं की त्यांना चैन पडत नसे. प्रेमावहिनी म्हणायच्या, "लग्नात अंतरपाट धरला होता तर हे त्याच्या कप्पीकडेच बघत होते." अंतरपाटाला कप्पी नसते हे आम्हाला ठाऊक होतं, पण गुरुभाऊंच्या बाबतीत कुणीही शंका घेतली नाही.

एका जूनमध्ये त्यांची भाची जाई सुट्टीला आली. जांभेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला, दुसरं वर्ष झालेलं, वर्गात एकटी मुलगी, त्यातून विद्यापीठात पहिली. गुरुभाऊंनी तिला सगळ्या बंदरभर मिरवलं. यार्डात नेऊन हातात पाना दिला आणि म्हणाले, "हे झाकण काढ."

जाईने पाना धरला. बराच वेळ धरूनच ठेवला. मग हळूच विचारलं, "मामा, कुठल्या बाजूला फिरवायचा?"

त्या संध्याकाळी आम्ही सगळे त्यांच्याकडे जेवायला होतो. गुरुभाऊ ताटाकडे बघत होते, जेवत नव्हते. "कॉलेजात इंजिन नाही का गं?" मी विचारलं.

"आहे ना, काकू. काचेच्या खोलीत आहे. कुलूप असतं. दसऱ्याला उघडतात. मी एकटी मुलगी म्हणून हळदकुंकू मीच लावते," जाई म्हणाली. "तेवढाच हात लागलाय."

"आणि प्रॅक्टिकल?"

"सर फळ्यावर काढतात, आम्ही वहीत काढतो. माझी आकृती सगळ्यात सुंदर असते."

आम्ही हसून हसून बेजार झालो. जाईसुद्धा हसली. गुरुभाऊ मात्र उठून गॅलरीत गेले आणि खाडीपलीकडच्या जोहोरच्या दिव्यांकडे पाठ करून उभे राहिले. मला तेव्हा त्यांचं जरा अतीच वाटलं, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर आमचं कॉलेज आठवलं. मी रसायनशास्त्राची पदवीधर. आमच्याकडे एक उत्तम तराजू होता आणि तीन वर्षं मी त्याच्यावर झाकलेला टॉवेलच फक्त पाहिला. मग मलाही राग यायला लागला.

त्या वर्षांत आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजांचं पेवच फुटलं होतं. गावात धड एसटी थांबत नसेल, पण कमान उभी! मुलं भरमसाट, मास्तर तात्पुरते, आणि यंत्रं यायची ती तपासणीच्या कमिटीने मोजावीत म्हणून. जे यंत्र ज्या मास्तराच्या नावावर, ते मोडलं तर त्याच्या पगाराला कात्री. मग कोण शहाणा मुलांना हात लावू देईल? कुलूप हेच खरं हेड ऑफ डिपार्टमेंट.

दुसऱ्या दिवशी गुरुभाऊंनी जाहीर केलं, जाईचा वर्ग कॉलेजातून बाहेर पडायच्या आत त्या मुलांनी एक तरी इंजिन आपल्या हाताने जोडून चालवलं पाहिजे. "नाहीतर ही पोरगी डिग्री घेऊन येईल आणि पुन्हा मला विचारील, कुठल्या बाजूला फिरवू!"

लवकरच त्यांच्या कंपनीची एक म्हातारी बोट मोडीत निघाली. गुरुभाऊंनी साहेबाच्या मागे लागून तिच्या लाइफबोटींची दोन्ही इंजिनं मागून घेतली. एका सिलिंडरची, बुटकी, गुटगुटीत. पहिल्याला त्यांनी हिरवागार रंग दिला, चालू करून पाहिलं, आणि बोटीने मुंबईला, तिथून ट्रकने जांभेगावला रवाना केलं. पोचल्यावर कॉलेजचे विभागप्रमुख पद्माकर सरांना फोन लावला. आम्ही सगळे भोवती कान देऊन बसलो होतो.

"गुरुप्रसादजी, काय सांगू तुम्हाला!" सरांचा आवाज आनंदाने फाटला होता. "आमदार आले, नारळ फुटला, फोटो झाले. दुसरी काचेची खोली बांधली. कमिटी तर इतकी खूश! आणि तुम्ही अगदी निर्धास्त राहा, अजून डिझेलचा एक थेंबसुद्धा लागू दिलेला नाही!"

गुरुभाऊंनी फोन ठेवला. पुढचे बरेच दिवस ते कुणाच्या मिक्सरकडेही वळले नाहीत. प्रेमावहिनींना वाटलं, कावीळ वगैरे झाली की काय.

मग आला सत्त्याण्णवचा ऑगस्ट. एका रविवारी चहा पिताना गुरुभाऊ म्हणाले, "चालू इंजिन पाठवलं की त्याची पूजा करतात. करायचं काय माणसाने?"

"मग मोडून पाठवा," शैलेंद्र पेपरातून मान वर न काढता म्हणाला.

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकच क्रांतिकारक वाक्य उच्चारलं आणि ते हे. गुरुभाऊंनी कप खाली ठेवला, उठले, आणि त्याला पेपरासकट मिठी मारली.

पुढच्या रविवारी दुसरं इंजिन आमच्या ब्लॉकखाली येऊन दाखल झालं. यार्डाला जागा रिकामी हवी होती आणि खालच्या मोकळ्या जागेत एका मलाय लग्नाचा मांडव होता, म्हणून इंजिन गुरुभाऊंच्या घरीच न्यायचं ठरलं. घर सहाव्या मजल्यावर, आणि आमची लिफ्ट थांबणार पाचव्यावर. तिथून वर मराठी मंडळाचे चार पदाधिकारी त्याला वाहून नेत होते आणि लग्नातले पाहुणे खालून टाळ्या वाजवत होते. आम्हीही हात हलवून आभार मानले.

त्या वर्षी सुमात्रातल्या जंगलांच्या आगीचा धूर सिंगापूरवर उतरायला लागला होता. खिडक्या बंद, आत इंजिन, अर्धा डझन मराठी माणसं, आणि जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग प्रेमावहिनींच्या ताब्यात. मंडळाच्या गणपतीसाठी त्यांच्याकडे चकल्यांचं काम होतं. वेंगुर्ल्याहून लग्नात आलेला, त्यांच्या आईचा पितळी सोऱ्या त्यांनी धुऊन, पुसून, तेलाचा हात लावून ठेवला होता. टेबलाच्या मधोमध त्यांनी पट्टी टेकवली आणि बजावलं, "ह्याच्या पलीकडे तुमचं, अलीकडे माझं. एक नट इकडे आला तर चकलीत घालीन."

काय दिवस होता तो! मी जन्मात पहिल्यांदा नट सोडवला आणि त्याच्यासाठी दोन नखं दिली. शेजारचे टॅन अंकल आवाजाची तक्रार करायला आले आणि पाना घेऊन खाली बसले ते जेवूनच गेले. आमचा सौमित्र सहा वर्षांचा. तो भोवती नाचत सिंगापुरी इंग्रजीत ओरडत होता, "अंकल, धिस वन स्पॉइल ऑलरेडी लाह!"

"येस लाह! व्हेरी गुड लाह!" गुरुभाऊ काळ्या हातांनी त्याच्याबरोबर नाचले. पिस्टन एका खोक्यात, त्याच्या रिंगा दुसऱ्यात, व्हॉल्व्ह तिसऱ्यात. कशावरही नाव लिहायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता. "शोधू देत! भांडू देत! चुकू देत!" पितळेच्या बारीकसारीक वस्तू फराळाच्या डब्यात भरायचं काम शैलेंद्रकडे होतं, कारण त्याला दुसरं काही देण्यासारखं नव्हतं.

खोकी जांभेगावला गेली. गणपतीच्या चार दिवस आधी प्रेमावहिनींनी भाजणी भिजवली, टेबलावरचं फडकं उचललं, आणि किंकाळी फोडली. फडक्याखाली सोऱ्या नव्हता. होता तो बोटभर लांबीचा एक गोल, तेलकट बुश, पिस्टनला दांड्याशी जोडणाऱ्या पिनेवर बसतो तो. माझ्या नवऱ्याने पट्टीच्या अलीकडचं उचललं होतं आणि पलीकडचं ठेवलं होतं. त्याला दोन्हीतलं काही ओळखता येत नव्हतं, हे त्याने नंतर फार प्रामाणिकपणे सांगितलं.

प्रेमावहिनी रडल्या. आईची तेवढीच वस्तू त्यांच्याजवळ होती. गुरुभाऊ बुश हातात घेऊन मटकन बसले. त्याच्याशिवाय इंजिन सात जन्मांत चालणार नव्हतं. मंडळाने त्या वर्षी गणपतीपुढे केळ्याचे विकतचे वेफर्स ठेवले आणि शैलेंद्रशी आरतीतही कुणी बोललं नाही.

ऑक्टोबरात जाईचा फोन आला. प्राचार्यांनी खोक्यात डोकावून 'भंगार' म्हटलं होतं आणि सगळं कँटीनच्या मागे टाकायला लावलं होतं. भंगार कुणाच्याच नावावर चढत नाही. म्हणजे मोडायची भीती नाही, म्हणजे कुलूप नाही! अख्खा वर्ग तिथे पडीक होता. "मामा, बाकी सगळं लागतंय असं वाटतं, पण एक बुश नाही."

"इथेच राहिला गं! उद्याच कुरिअर करतो."

पलीकडे कुजबुज झाली. मग जाई म्हणाली, "नको. पिन आमच्याकडे आहे, भोक आमच्याकडे आहे. माप आम्ही काढतो. बुश आम्हीच करणार."

गुरुभाऊंनी रिसीव्हर छातीशी धरला आणि आमच्याकडे बघून नुसतेच मान हलवत राहिले. डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू.

"आणि मामीचा सोऱ्या आलाय का तिथे?" प्रेमावहिनी मागून ओरडल्या. "आलाय!" जाई म्हणाली. "जपून ठेव! येताना घेऊन ये!" वहिनींनी बजावलं.

मग बरेच दिवस काही कळलं नाही. दिवाळी चकलीविना गेली. गुरुभाऊ फोन वाजला की धावायचे आणि विमा विकणारा निघाला की त्याच्यावर खेकसायचे. आता शेवटची परीक्षा काही महिन्यांवर आली होती. एकदा मी म्हटलं, "नाही झालं तर पाठवून द्या ना बुश." तर म्हणाले, "खिशात घेऊनच फिरतोय, अनुजा. पण त्यांनी नको म्हटलंय."

संक्रांतीच्या दिवशी आम्ही तिळगूळ घ्यायला त्यांच्याकडे गेलो असताना फोन वाजला. गुरुभाऊंनी उचलला आणि कान लांब धरला. रिसीव्हरमधून आवाज आला तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला. डग. डग. डगडगडगडग!

"अगं स्पीड कमी कर! थ्रॉटल, थ्रॉटल!" गुरुभाऊ सिंगापुरातून जांभेगावला ओरडले, आणि तिकडे तीसचाळीस मुलं एकदम ओरडली. मग पद्माकर सर फोनवर आले. त्यांचा आवाज बसला होता. "गुरुप्रसादजी, लेथ माझ्या नावावर होता. मीच कुलूप काढलं. जोडणी कळेना म्हणून तुमचं हिरवं इंजिनही बाहेर काढून उघडलं. मी पंधरा वर्षं इंजिन शिकवतोय हो. आत काय असतं ते आता पाहिलं!" आणि तो भला माणूस खदाखदा हसत सुटला.

शेवटी जाईने मामीला मागितलं. प्रेमावहिनींनी फोन घेतला.

"मामी, रागावू नका. इथे पितळेचा भरीव तुकडा कुठेच मिळेना. तालुक्यालाही नाही. दोन मुलं कोल्हापूरपर्यंत जाऊन आली, तिथे पाहिजे त्या मापाचा नव्हता. शेवटी... तुमच्या सोऱ्याचा दट्ट्या आम्ही लेथवर लावून कातला. मीच लावला. आता तो बुश आहे. विचारायला हवं होतं. तुम्ही नाही म्हणाल म्हणून विचारलं नाही."

शैलेंद्र दाराच्या दिशेने सरकला होता.

फोनमधून ते डगडग चालूच होतं. प्रेमावहिनी ऐकत उभ्या राहिल्या. परदेशी फोनचं मीटर पळत होतं, आणि त्या आपल्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"हे बंद करून पुन्हा उघडणार ना तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"हो मामी. आता सर म्हणतात दर आठवड्याला. धाकट्या वर्गांनासुद्धा."

"मग बुश झिजतील," प्रेमावहिनी म्हणाल्या. "सोऱ्याची नळीही तिथेच ठेव."