एक जूनचे तीन बाळू पाटील

मशीन परदेशातून मागवायचं, त्याच्यासाठी एसी खोली बांधायची, नारळ फोडायचा, आणि ते सांभाळणारा माणूस मात्र "बघ की, जमतंय का तुला," एवढं म्हणून नेमायचा! कुणाचं नाव घेत नाही. ज्यांनी केलंय त्यांना कळेल. या एका सवयीमुळे आमच्या खोलीत किस्से इतके साचलेत, की डबा खाताना एक सांगायला घेतला तर दोन राहून जातात.

आमची खोली कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात. एक्स-रे, सीटीचे फोटो कॉम्प्युटरवर साठवायचे आणि ज्याचा फोटो त्याच्याच डॉक्टरच्या पडद्यावर पोचवायचा, हे आमचं काम. माणसं तीन. सुरेखाताई, दत्तूमामा आणि मी.

* * *

सुरेखाताई मूळच्या एक्स-रे टेक्निशियन. ही सिस्टीम आली त्याच आठवड्यात बंद पडली. ताईंनी बटण बंद करून परत चालू केलं. चालू झाली!

मोठे डॉक्टर म्हणाले, "ताई, आजपासून हे खातं तुमचं."

"अहो, मी नुसतं बटण दाबलं!"

"आम्हाला तेवढंही सुचलं नव्हतं."

झाली नेमणूक!

* * *

दत्तूमामांनी डार्करूममध्ये लाल दिव्याखाली उमेदीची सगळी वर्षं फिल्म धुण्यात घालवली. फिल्म गेली, डार्करूमची सर्व्हर रूम झाली, आणि खोलीबरोबर मामाही सिस्टीमकडे आले. अजूनही ते त्या दारावर आधी टकटक करतात आणि थांबतात. आत कुणी नसतं. तरी थांबतात.

"मामा, आता उजेडानं काही खराब होत नाही!"

"मला म्हाईत हाय, पोरी. हाताला कुठं म्हाईत हाय?"

* * *

राहिले मी. बी.एस्सी. कॉम्प्युटर, वर सहा महिन्यांचा कोर्स, भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट.

जोतिबाच्या यात्रेच्या दिवसांत आमचा मुख्य कॉम्प्युटर तापून बंद पडला. मी दोन तास त्याचे लॉग, म्हणजे आतल्या नोंदी, वाचले. शेवटी कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. तेवढ्यात मामांनी झाकण उघडलं. आतला पंखा गुलाबी! पेशंट, नातेवाईक, डॉक्टर, सगळेच डोंगरावरून गुलालात न्हाऊन थेट इकडे आलेले.

इंजिनिअर फोनवर विचारत होता, "मॅडम, एरर काय दाखवतोय?"

मामा ब्रशनं पंखा झाडत म्हणाले, "सांग त्यास्नी, चांगभलं!"

* * *

मी हसले, पण डोकं फिरलंच. हे असं किती दिवस चालायचं? मी व्यवस्थापकांना कडक पत्र लिहिलं. सगळ्यांना रीतसर प्रशिक्षण द्या! सर्टिफिकेटशिवाय कुणालाही सिस्टीमला हात लावू देऊ नका!

आठ दिवसांत उत्तर आलं. प्रशिक्षण नामंजूर. दुसरी सूचना मंजूर!

सुरेखाताईंचा डिप्लोमा होता, त्या वाचल्या. दहावी पास मामांची बदली स्टोअरला. लवकरच दवाखान्याच्या तपासणीला कमिटी येणार होती; तिनं बदलीच्या यादीवर सही केली की बदली कायमची.

मी माफी मागायला गेले. मामा सलाईनचे खोके रचत होते.

"मामा, मला असं नव्हतं म्हणायचं."

"पत्र झ्याक लिवलंयस की. सायबांनी वाचून दावलं."

मी तिथंच एका खोक्यावर बसले.

* * *

कमिटी येणार म्हणून मी रेकॉर्ड साफ करायला घेतलं. एकाच पेशंटची दोन-दोन खाती झालेली असतात. नाव आणि जन्मतारीख जुळली की खाती एकत्र करणारा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला. काय तो अभिमान!

तपासणीच्या दिवशी सकाळीच हाडांच्या ओपीडीतून आरडाओरडा. बिद्रीचे ऊसवाले बाळू पाटील आमच्या खोलीत शिरले, मागून डॉक्टर, आणि आवाज ऐकून कमिटीच्या मॅडमही.

"माझा गुडघा बदललाय म्हणं! कवा बदलला? मला न इचारता?"

त्यांच्या नावावर एक स्टीलचा गुडघा, एक साधा गुडघा, एक मोडून जुळलेलं गळ्याचं हाड आणि एक झिजलेली मान होती. तीन बाळू पाटील एक झाले होते! आमच्याकडं शाळेत घालताना गुरुजी सगळ्यांची जन्मतारीख एक जून लिहीत, आणि वर्ष अंदाजानं. हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक होतं. मला सोडून.

सुरेखाताई स्टोअरकडं धावल्या. थोड्या वेळानं दारावर टकटक झाली, आणि टकटक करणारा बाहेरच थांबला.

"अहो मामा, या की आत!"

मामांनी पडद्याकडं पाहिलं. "ही मान हुपरीची. चांदीवर वाकून काम करतोय गडी. मोडल्यालं हाड तालमीतलं, स्टीलचा गुडघाबी त्याचाच. आन् ह्यो साधा गुडघा ह्या पावण्यांचा."

मॅडम म्हणाल्या, "अंदाज नको. पुरावा?"

मामांनी काखेतली वही उघडली. डार्करूमपासूनची सवय. दर फोटोची तारीख, नाव, गाव आणि माणूस काय करतो. ताळा केला. चारही फोटो बरोबर! माझ्या प्रोग्रॅममध्ये गावाचा रकानाच नव्हता.

"प्रशिक्षण कुठं झालं तुमचं?" मॅडमनी विचारलं.

"अंधारात, बाईसाहेब."

व्यवस्थापक घाईनं यादी घेऊन पुढं आले. "मॅडम, काळजी नको. यांच्याकडे सर्टिफिकेट नाही, म्हणून आम्ही यांना आधीच स्टोअरला पाठवलंय. इथं फक्त तुमची सही!"

मॅडमनी पेनला टोपण लावलं, उजवा खांदा चोळला आणि मामांकडं वळून म्हणाल्या, "मामा, माझ्या खांद्याचा फोटो काढायचाय. जन्मतारीख एक जूनच आहे माझी. तेवढा तुम्ही स्वतः बघा."