अण्णांचं कोरं कार्ड

सुमनकाकूंचा फोन आला तेव्हा मी कोलकात्यात, सॉल्ट लेकमधल्या आमच्या घरी पोळ्या करत होते. "मेधा, अण्णा गेले गं," एवढंच म्हणाल्या. मी गॅस बंद केला, तवा उतरवला, आणि मग बसून राहिले. चार महिन्यांत मी त्यांच्याकडे फिरकले नव्हते. मुलाची परीक्षा, नवऱ्याच्या ऑफिसची गडबड... कारणं पुष्कळ होती, आणि त्यांतलं एकही खरं नव्हतं.

अण्णा साठे, सुमनकाकूंचे यजमान, एका बँकेतून निवृत्त झाले आणि बालीगंजलाच राहिले. इथे वाढणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांचं मराठी बंगाली-हिंदीत विरघळत चाललंय, याची त्यांना मनापासून चुटपुट होती. म्हणून त्या मुलांसाठी त्यांनी क्रियापदांचा कोश करायला घेतला. एका क्रियापदाला एक कार्ड. ही कार्डं संदेश या बंगाली मिठाईच्या रिकाम्या खोक्यांत राहायची, त्यामुळे 'उकलणे'पासून 'हुरळणे'पर्यंत सगळ्यांना गुळाचा मंद वास यायचा. आणि नियम एकच, पण लोखंडी. उदाहरणाचं वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलेलं हवं. नाहीतर ऐकणाऱ्याने शपथेवर सांगितलेलं. खाली बोलणाऱ्याचं नाव आणि जागा. मनाने रचलेलं वाक्य त्यांना चालत नसे. "बोलणारा माणूस नसेल तर ते वाक्य म्हणजे नुसती शाई," म्हणायचे. मी कार्डं टाइप करून द्यायची आणि त्यांच्याशी वाद घालायची. दोन्ही कामं मी मन लावून केली.

'पालटणे' या एका शब्दापाशी ते अडले होते. "बदलतो तो आपण," ते सांगायचे, "चादर बदलतो, घर बदलतो. पण नशीब पालटतं, माणसाचा नूर पालटतो, तिथे आपल्याला कुणी विचारत नाही. बघतो तर झालेलं असतं!" तरी अर्थाची जागा ते कोरीच ठेवायचे. मनासारखं वाक्य कानावर पडल्याशिवाय अर्थ लिहायचा नाही, असा हट्ट.

त्यांची ती तगमग मला बघवेना. एक दिवस मी ठोकून दिलं, "आमची आई म्हणायची, मुलगी सासरी गेली की तिचा सूरच पालटतो." अण्णा इतके खूश झाले! लगेच कार्डावर उतरवून घेतलं, खाली आईचं नाव. पुढे आई कोलकात्याला आली, तेव्हा त्यांनी कौतुकाने तिला ते वाचून दाखवलं. आई भोळेपणाने म्हणाली, "मी? छे हो, असलं काही मी कधी बोलले नाही." अण्णांनी ते कार्ड दोनदा फाडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाक्य सुरेख होतं मेधा. पण ते कुणी म्हटलेलंच नाही." त्यानंतर त्यांनी मला एकही वाक्य विचारलं नाही. माफी मागायला मी दोनदा निघाले आणि दोन्ही वेळा बसस्टॉपवरून परतले.

दवाखान्यातून त्यांना परस्पर स्मशानात नेलं. त्यांच्या खोलीत मी गेले ती तेराव्यानंतर, भर दुपारी. काकूंनी कार्डं न्यायला बोलावलं होतं. पलंग काढलेला, पडदे धुवायला गेलेले, भिंतीवर उन्हाचा मोठा चौकोन. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "काकू, खोलीचं रूपच पालटलं हो."

काकूंनी सगळ्यात वरचं खोकं माझ्या हातात दिलं. मी झाकण काढलं. पहिलंच कार्ड 'पालटणे'. अर्थाची जागा कोरी. त्याखाली अण्णांचं अक्षर, थोडं थरथरलेलं: 'काकू, खोलीचं रूपच पालटलं हो.' आणि खाली: 'मेधा. बालीगंज, माझी खोली.'

मी ते पुन्हा वाचलं. "हे कधी लिहिलं त्यांनी?"

"दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी," काकू म्हणाल्या. "मला विचारत होते, मेधा आली होती का. मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, मग आत्ता बोललं कोण?... आणि कार्ड मागितलं."

मी त्यांचा स्वभाव ओळखते. ऐकल्याशिवाय त्यांनी एक अक्षर लिहिलं नसतं. म्हणजे फाडलेल्या कार्डानंतरही त्यांनी माझा शब्द खरा धरला होता, मी तो उच्चारण्याच्या कितीतरी आधी. त्या उन्हाच्या चौकोनात उभी राहून मी ओक्साबोक्शी रडले. भीतीने की सुटल्यासारखं वाटून, ते मला आजही सांगता येत नाही.

कार्डं मी तिथेच ठेवली. आता दर शनिवारी मी जाते, कोश पुरा करतेय. 'पालटणे'चा अर्थ मात्र अजून कोराच आहे. टेबलावर कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आणि टोपण काढलेलं पेन तसंच आहे, काकू ते हलवू देत नाहीत. त्या खोलीत मी जपून बोलते. खोटं तर एक वाक्यही नाही.