सोडतीत निघालेलं नाव

खरं तर भाची सोडली तर तिला आत्या म्हणायचं कुणाला कारण नव्हतं. पण शेजारीपाजारी, कारखान्यातल्या बायका, सगळेच तिला आत्या म्हणत. लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहिली आणि नाकावर माशी बसू दिली नाही. कारखान्यात दिवसभर चष्म्याच्या काचा फ्रेमच्या मापात घासायचं काम. केसभर जास्त घासलं की काच फुकट. त्यामुळे तिला जगातलं सगळंच मापात लागे, माणसंसुद्धा. आता माणसं कधी कुणाच्या मापात बसलीत का? पण हे आत्याला सांगायची छाती कुणाची होती.

संध्याकाळी घरी आली की स्वयंपाकघराबाहेरच्या बोळकांडीत जुन्या कॉम्प्युटरसमोर बसायची आणि मंत्री व्हायची. इंटरनेटवर काही हौशी मंडळींनी एक खोटं खोटं राज्य मांडलं होतं. निवडणुका, मंत्रिमंडळ, कोर्ट, वर्तमानपत्र, सगळं साग्रसंगीत. आत्या तिथली कायदेमंत्री. भाऊ येता-जाता म्हणे, "झाल्या का सुरू लष्कराच्या भाकऱ्या?" वहिनी म्हणे, "मंत्रीणबाई, राज्य सावरून झालं की जरा ओटाही पुसा." आत्या ओटा पुसून परत येऊन बसायची. घरात तिचं ऐकणारं कुणी नव्हतं, तिथं होतं. एवढं साधं होतं ते.

तिथं तिला रुळवलं काकूंनी. काका आणि काकू हे म्हातारं जोडपं राज्यात अगदी पहिल्यापासून. आत्या नवखी होती, काय कुठे लिहायचं कळेना, तेव्हा काकूंनी हाताला धरून शिकवलं. लांबलचक लिहायच्या, मध्ये कुठे पूर्णविराम म्हणून नाही, आणि शेवटी हटकून "जेवलीस का". प्रत्यक्षात गाठ कधी पडली नाही, पण आईमागे आत्याला असं विचारणारं दुसरं कोण होतं? बऱ्याच दिवसांपासून मात्र काकू काहीच लिहीत नसत. रोज संध्याकाळी त्यांच्या नावापुढचा हिरवा दिवा तेवढा लागे. काका सांगत, "तिला फार बसवत नाही. वाचते मात्र सगळं."

राज्यात खटला चालला की निकाल पंच देत, आणि पंच निवडत न्यायाधीशमहाशय. निवडून निवडून आपल्याच कंपूतले. अध्यक्षांची थट्टा केली म्हणून या पंचांनी एका पोराला बघता बघता हाकलून लावलं, तेव्हा आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं नियमच लिहायला घेतले. पंच यापुढे सोडतीनं, सगळ्यांदेखत निघतील. नाव निघेल त्या प्रत्येकाशी कायदेमंत्री स्वतः फोनवर बोलेल आणि माणूस खरा असल्याची खात्री देईल, म्हणजे खोटी नावं घुसायला नकोत. आणि जो कर्तव्याला उभाच राहणार नाही, त्याचं नाव नागरिकांच्या यादीतून कायमचं जाईल.

सगळे वा वा करत होते. फक्त काकांनी लिहिलं, "शेवटचं जरा कडक होतंय का गं? नाव नको काढायला. दुसरी काही शिक्षा ठेव."

"काका, नुसती नावं सांभाळून राज्य चालत नसतं," आत्यानं उत्तर दिलं. दोनतीन जणांनी त्यावर टाळ्याही वाजवल्या. काकांनी पुढे वाद घातला नाही. मत दिलं ते नियमांच्या बाजूनंच, पण सगळ्यांत शेवटी.

पहिली सोडत रविवारी दुपारी झाली. खटला क्षुल्लक होता, कुणीतरी कुणाचं प्रचाराचं चित्र चोरलं होतं. एकेक नाव निघत गेलं आणि शेवटचं निघालं काकूंचं. मंडळी खूश झाली. काकू बोलणार आता, म्हणून नमस्कारांचा पाऊस पडला. काही वेळानं काकूंच्या नावानं उत्तर आलं, "आले. काय करायचं सांगा." आत्याला ते जरा खटकलं. दोन वाक्यं, दोन पूर्णविराम, आणि जेवणाची चौकशी नाही. पण आजारी बाई, म्हणून तिनं मनावर घेतलं नाही.

इतर पंचांना फोन करून झाले. मग तिनं काकांचा नंबर लावला.

"काका, काकूंना द्या ना जरा. नियम आहे म्हणून. एक शब्द बोलल्या तरी झालं."

पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला.

"ती नाहीये गं," काका म्हणाले.

"बाहेर गेल्यात? मग थोड्या वेळानं करते."

"दोन वर्षं होतील आता ती जाऊन."

काका सावकाश बोलत राहिले. "बँकेतून नाव काढलं, दवाखान्यातून काढलं, घराच्या कागदांवरून काढलं. दर ठिकाणी सही माझीच. तेवढी एक जागा राहिली होती बघ. संध्याकाळी आधी तिचा दिवा लावतो, मग माझा. कुणाला फसवायचं मनात नव्हतं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू नियम लिहीत होतीस," काका म्हणाले. "हे बघ, मी तुला खोटं कर म्हणणार नाही. तू करशील ते बरोबरच करशील."

एका माणसानं दोन नावं चालवली तर दोन्ही हद्दपार, हा राज्याचा जुना नियम. खरं सांगावं तर काका जाणार. 'काकूंशी बोलले' एवढंच लिहिलं असतं तर दोघंही राहिले असते, आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण खोटं लिहायला आत्याचा हात धजेना. मग तिनं स्वतःच्याच नियमात वाट शोधली. 'काकू: फोनवर आल्या नाहीत', एवढं लिहिलं आणि नाव काढून टाकलं. यात खोटं काही नाही आणि काकाही वाचले, असं मनाला बजावलं. त्या रात्री ताट तसंच सारलं आणि वहिनीला म्हणाली, पित्त झालंय.

राज्यात कुजबूज झालीच. काकूंना कर्तव्य जड झालं म्हणे, काय माणसं बदलतात, वगैरे. आत्या वाचत राहिली, तोंडाला कुलूप. काकांनीही एक अक्षर लिहिलं नाही. त्यांचा दिवा मात्र दुसऱ्या दिवसापासून लागेना. तिनं फोन केला तर म्हणाले, "बरा आहे गं. स्क्रीननं डोळे दुखतात." चष्मा बदलून देते, असं ती म्हणाली. परत फोन करायचा रोज ठरवायची, आणि रोज लाज आड यायची.

पुढच्या खटल्याच्या सोडतीत काकांचं नाव निघालं.

फोन बराच वेळ वाजला. मग कुणा बाईनं उचलला. "शेजारची बोलतेय. ते गेले हो, मागच्या आठवड्यात. झोपेतच. सामान आवरतोय आम्ही. तुम्ही त्यांच्या कोण?"

खरंच, आत्या त्यांची कोण होती? फोन ठेवला आणि ओठ घट्ट दाबून, आवाज बाहेर जाऊ न देता रडली. कॉम्प्युटरवर मंडळी खोळंबली होती. न्यायाधीशमहाशयांनी मुद्दाम विचारलं, "मंत्रीणबाई, काका हजर की नाव काढायचं?"

पदरानं डोळे पुसून तिनं टाइप केलं, 'काकांशी बोलले. तब्येत बरी नाही. या खेपेला त्यांना वगळावं. नाव राहू द्यावं.' खालोखाल उत्तरं येऊ लागली. काकांना नमस्कार सांगा. काळजी घ्या म्हणावं. काकूंनाही विचारलंय म्हणून सांगा.

भाची पाणी प्यायला उठली होती. "कुणाचा फोन होता गं, आत्या?"

"काकांचा."

"काय म्हणाले?"

"जेवलीस का, म्हणाले," आत्या म्हणाली.