बर्गनच्या वखारींचा वास

पन्नासच्या दशकात यजमानांच्या जहाज कंपनीने आम्हा दोघांना नॉर्वेला धाडलं, तेव्हा मी स्वतःला फारच शहाणी समजत होते. कलकत्त्यात शेजारच्या बंगाली दीदींनी मासे तळायला घेतले की मी माझी खिडकी धाडकन लावायची, त्यांना ऐकू जाईल अशी. बर्गनला मात्र हीच सोवळी बया धक्क्यावरच्या लाकडी वखारींत डोळे मिटून, श्वास भरभरून घेत उभी राहिली. व्हायकिंगांच्या काळापासूनचं ते बंदर. शेकडो वर्षं सुके मासे साठवून तिथल्या फळ्यासुद्धा मुरल्या होत्या.

परतल्यावर दीदींना चहाला बोलावून मी त्या वखारींवर तासभर अक्कल पाजळली. त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि वास नाही आला, बौदी?"

"तो इतिहासाचा वास हो," मी मूर्खासारखी म्हणाले.

दीदींनी कप खाली ठेवला. "मग उद्यापासून खिडकी उघडी ठेवा. आमचं घराणंही काही कालचं नाही."

दुसऱ्या दिवशी पलीकडे कढईत मासा चर्र वाजला. मी सवयीने खिडकीशी गेले, कडीला हात लावला आणि तसाच मागे घेतला. लावणार तरी कुठल्या तोंडाने?