दुसरी मोटर, जुना स्विच

हे मी घरातही कधी बोललो नाही. बोलण्याचा माझा स्वभाव नाही, असं सांगून आजवर निभावलं.

साठ सालानंतरची गोष्ट. बंगळुरात आमच्या कारखान्यात माल वाहायला बॅटरीवर चालणारी एक गाडी होती. फाउंड्रीतून भरून निघाली की चढावर अडायची. मी तिथला इलेक्ट्रिशियन. तसल्याच एका मोडीत काढलेल्या गाडीची मोटर मी हिच्या पुढच्या चाकांना जोडली. दोन मोटरींवर गाडी चढ सहज चढू लागली. साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. स्विच मात्र जुनाच, एका मोटरीचा. त्यातून आता दुप्पट वीज जातेय, हे मला कळत होतं. पण नवा स्विच यायला महिने लागले असते, आणि कौतुक तर आत्ता चाललं होतं.

गाडी चालवणारे आमच्यासारख्याच इथल्या जुन्या मराठी घरातले, माझ्याहून मोठे. मी त्यांना अण्णा म्हणायचो. ते मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ.

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, सकाळी ते म्हणाले, "तम्मा, पेडलवरून पाय काढला तरी ही बया स्वल्प पुढे ओढते. बघ जरा."

मी स्विचचं झाकण उघडलं. आतले तांब्याचे तुकडे काळे पडून एकमेकांना चिकटू लागले होते. कानस मारून घासले असते तरी तो दिवस निघाला असता. पण कानस, पक्कड, पाने, सगळं देवापुढे मांडून कुंकू लावून झालं होतं. पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत आम्ही उचलत नाही. गाडी मात्र त्याच दिवशी लिंबांवरून न्यायची.

"उद्या बघतो, अण्णा."

"सरी, उद्या तर उद्या. आज हार घातलाय हिला, आज कशाला रुसेल?"

चाकांखाली लिंबं फुटली, टाळ्या झाल्या, आणि गाडी थांबेना; स्विच आत चिकटून बसला होता. अण्णांनी पाय काढला, ब्रेक दाबला. दोन मोटरींपुढे तो ब्रेक काय करणार? समोर माणसं उभी होती. अण्णांनी गाडी भिंतीवर घातली. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "त्याने आधी काही तक्रार केली होती?"

"नाही," मी म्हणालो.

कुणीतरी म्हणालं, सणाचा दिवस, घेतली असेल थोडी. मी तेही ऐकून घेतलं. कागदावर चालकाची चूक लागली.

अण्णांना गेटवर बसवलं. त्यांनी मला कधीच जाब विचारला नाही. सकाळी आत शिरताना "तिंडी झाली का, तम्मा?" एवढंच. नाश्ता झालेला असो-नसो, मी मान हलवून पुढे जायचो. अशी कित्येक वर्षं गेली.

ते रिटायर झाल्यावर मी त्यांच्या जयनगरच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मला काय सांगतोस? तिला सांग."

त्यांच्या बायको, आमच्या अक्का, कॉफी घेऊन बाहेर आल्या. मी उभ्यानेच पुन्हा सगळं सांगितलं.

"म्हणजे त्या दिवशी हे प्यायले नव्हते?"

"नाही, अक्का."

त्या नवऱ्याकडे वळल्या. "मग तुम्ही का नाही बोललात?"

"बोललो होतो," अण्णा म्हणाले. "तूच म्हणालीस, तसं असतं तर तम्मा गप्प बसला नसता."