ओढ्याचं नाव नको

आमच्या इदालिना मावशीला खोटं बोलता येत नाही, म्हणून बदकाचा विषय निघाला की ती गप्प बसते. मिनास प्रांतातल्या या डोंगराचा माथा सरकारनं राखीव जंगलासाठी घेतला, तेव्हा तिच्या भावाचं घर, गोठा, चीज करायची खोली, सगळं गेलं. खालच्या ओढ्यात ते शेंडीवालं, करवती चोचीचं बदक आहे हे कळलं, तर आपलीही जमीन जाणार, असं तिच्या मनानं घेतलं.

बदक तिच्या चाळीस वर्षांच्या ओळखीचं. सकाळचं चीज साच्यात दाबून झालं की ती ओढ्याकाठी जाऊन बसायची. घरात घड्याळ नव्हतंच; बदकानं बुडी मारली की वेळ मोजायला ही 'नमो मारिया'ची प्रार्थना म्हणायला लागायची. नवरा चिडवायचा, "प्रार्थना देवाची करतेस की बदकाची?" पाणी जरा गढूळलं की बदक दिसेनासं होई, म्हणून ती गुरं पार खालच्या अंगाला पाण्यावर न्यायची. एका जोडीच्या हद्दीत दुसरी जोडी फिरकत नाही, हेही मला तिनंच दाखवलं.

गेल्या जुलैत लिजिया नावाची मुलगी अभ्यासासाठी हेच बदक शोधत आली. जगात जेमतेम दोन-अडीचशे उरलीत म्हणे. मावशीनं तिला खोली दिली, कॉफी दिली, चीज तर रोज. मुलगी चार दिवस भलत्याच ओढ्यांवर पाय झिजवत होती आणि ही गप्प. मला मावशीचा रागच आला.

पाचव्या सकाळी सामान बांधून लिजिया कॉफीला बसली. "हे बदक अर्धं मिनिट तरी पाण्याखाली राहतं, असं वाचलंय."

"कोण म्हणतं गं?" मावशी उसळली. "एक नमो मारिया संपून दुसरी अर्ध्यावर आली की वर! आणि पिल्लं बरोबर असली, तर पहिलीसुद्धा पुरी होत नाही!"

मी मनात म्हटलं, झालं, गेली जमीन.

लिजियानं वही उघडली, पण लिहिलं काहीच नाही. "मावशी, पिल्लं असताना इतक्या लवकर का वर येत असेल?"

मावशीचे डोळे भरून आले. "अगं, हेच तर चाळीस वर्षं कुणाला तरी विचारायचं होतं मला!"

तिनं टोपी घातली. दारात थांबून म्हणाली, "वहीत हवं तर माझं नाव लिही. ओढ्याचं नको."

लिजियानं वही आमच्या टेबलावरच ठेवली आणि तिच्यामागून निघाली.